लहर एक, वाटेकरी अनेक

गोंदिया शहरापासून साधारण बारा किलोमीटरवर बिरसी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेली इथली धावपट्टी आज गोंदियाचा विमानतळ म्हणून ओळखली जाते. नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटची शिकाऊ विमानं इथून उडतात. डिसेंबर २०२३ पासून इंडिगोची प्रवासी सेवाही इथे सुरू झाली. आकाशात एकाच वेळी तीन-चार विमानं असली, तरी त्यांचं आणि कंट्रोल टॉवरचं बोलणं चालतं एकाच रेडिओ चॅनेलवर. हा चॅनेल ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला. म्हणून नव्या वैमानिकाच्या अंगी सुरुवातीलाच एक सवय बाणवतात: बटण दाबण्याआधी ऐका. दुसरं कुणी बोलत असेल तर थांबा. दोघं एकदम बोलले तर कानावर पडते नुसती शिट्टी, आणि दोघांचंही बोलणं वाया जातं. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरच दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसं गेली. निर्णायक क्षणी कंट्रोल टॉवर आणि एक विमान एकाच वेळी बोलले आणि दुसऱ्या विमानाला तो निरोप नीट ऐकूच गेला नाही, हे त्या अपघातामागच्या कारणांपैकी एक होतं.

खाली गावात एखादं घर एका सिमकार्डावर आलेलं इंटरनेट लॅपटॉपमधून वाय-फायनं सगळ्यांना पुरवतं, तेव्हा तिथेही हाच नियम चालतो. फरक एवढाच, की तिथे थांबण्याचा काळ सेकंदाच्या लाखाव्या भागात मोजतात.

आधी ऐका, मग बोला

मोबाइल कंपन्या लिलावात पैसे मोजून स्पेक्ट्रम घेतात आणि त्या पट्ट्यात कोणत्या फोननं कधी बोलायचं हे त्यांचा टॉवर ठरवतो. वाय-फायची गोष्ट वेगळी. त्याचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तर ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला. जो येईल त्याचा हा पट्टा, त्यामुळे शिस्तही ज्यानं त्यानं पाळायची.

घरातला प्रत्येक फोन आधी ऐकतो. हवा मोकळी दिसली तरी तो लगेच बोलत नाही, कारण थांबलेले सगळेच एका क्षणी सुटले तर टक्कर ठरलेलीच. मग प्रत्येक जण ० ते १५ मधला एक आकडा चिठ्ठीसारखा काढतो आणि नऊ-नऊ मायक्रोसेकंदांचे तेवढे टप्पे मोजतो. ज्याचा आकडा लहान, तो आधी बोलतो. बाकीचे मोजणी तिथेच थांबवतात आणि हवा मोकळी झाली की पुढे चालू करतात. माहिती पोचली की समोरून पोच येते. ती आली नाही तर टक्कर झाली असं समजून तो फोन पुढच्या खेपेला ० ते ३१ मधला आकडा काढतो, मग ० ते ६३ मधला. ही मर्यादा १०२३ पर्यंत वाढत जाते. गर्दी जितकी जास्त, तितका सगळ्यांचा संयमही जास्त.

हे शहाणपण अनुभवातून आलं. १९७१ मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अलोहानेट' हे रेडिओवरचं संगणक जाळं सुरू केलं. त्यात कुणी आधी ऐकत नसे. माहिती पाठवायची आणि पोच आली नाही तर थोड्या वेळानं पुन्हा पाठवायची, एवढीच रीत. या पद्धतीत फार तर १८ टक्के वेळ कारणी लागतो, बाकीचा टकरींत आणि रिकामपणात जातो, असं गणितानं दाखवलं. ऐकण्याची अट घातल्यावर तीच हवा कितीतरी जास्त माहिती वाहू लागली.

या नियमातून एक गोष्ट निघते, ती घरोघरी उपयोगाची आहे. वाय-फायमध्ये बोलण्याची पाळी सगळ्यांना सारखी मिळते, पण प्रत्येकाची पाळी सारख्याच वेळात आटोपत नाही. मागच्या अंगणात, दोन भिंतींपलीकडे बसलेल्या फोनला सिग्नल कमजोर मिळतो. त्याला सावकाश बोलावं लागतं आणि तेवढ्याच माहितीसाठी तो हवा कितीतरी जास्त वेळ अडवून धरतो. अशा वेळी लॅपटॉपशेजारी बसलेल्याचाही व्हिडिओ अडखळतो. दूरच्या माणसानं चार पावलं जवळ येऊन बसलं की सगळ्या घराचा वेग वाढतो.

मध्ये लॅपटॉप कशाला?

२०१० च्या आसपास नेटसेटर, फोटॉन अशा नावांचे डोंगल घराघरांत आले. डोंगल एक, तो लागणार एकाच संगणकाला, आणि इंटरनेट हवं चौघांना. एका संगणकाचं इंटरनेट इतरांना देण्याची सोय विंडोजमध्ये १९९९ सालीच आली होती. २००९ च्या विंडोज ७ नं एकाच वाय-फाय कार्डाला नेहमीच्या कामासोबत स्वतःचं जाळं उभारण्याची क्षमता दिली, पण त्यासाठी आज्ञा टाइप कराव्या लागत. २०१६ पासून विंडोज १० मध्ये 'मोबाइल हॉटस्पॉट' हे साधं बटण आलं. त्यावर आठपर्यंत उपकरणं जोडता येतात.

आता फोन स्वतःच हॉटस्पॉट होतो, तरीही लॅपटॉपला मध्ये घेण्यात अर्थ आहे. फोन हॉटस्पॉट झाला की त्याला एकीकडे दूरच्या टॉवरशी आणि दुसरीकडे घरातल्या चार फोनांशी बोलावं लागतं. तो तापतो, बॅटरी झपाट्यानं उतरते आणि फार तापला की स्वतःचा वेग कमी करतो. यूएसबी केबलनं तो लॅपटॉपला जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं, की वाटपाचं काम लॅपटॉपकडे जातं आणि फोनला फक्त टॉवर सांभाळायचा राहतो. वर तो चार्जही होत राहतो.

केबलचा आणखी एक फायदा आहे. फोनकडून लॅपटॉपनं वाय-फायवर घेतलं आणि त्याच कार्डातून वाय-फायवरच पुढे दिलं, तर प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते आणि हाती येणारा वेग निम्म्यावर उतरतो. केबल असली की सगळी हवा घरच्यांसाठी मोकळी राहते. केबल घेताना एवढंच बघायचं, की ती डेटाची हवी. काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, त्यांवर टेदरिंगचा पर्याय उजळतच नाही.

वीज गेली तर घरातला राउटर बंद पडतो, पण लॅपटॉप आणि फोन आपापल्या बॅटरीवर चालू राहतात. वादळी पावसात तासन् तास वीज जाते अशा गावांत ही सोय मोलाची आहे.

एका पत्त्यामागे सारं घर

कंपनीच्या दृष्टीनं सिम एक, म्हणजे गिऱ्हाईक एक. मग चार फोनांनी मागवलेली चार पानं ज्याची त्याला कशी मिळतात?

विंडोजचा लॅपटॉप हॉटस्पॉट चालू करताच सहसा स्वतःला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो आणि जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला त्याच मालिकेतला एक पत्ता देतो. समजा, शाळेत जाणाऱ्या मुलीच्या फोनला १९२.१६८.१३७.२३ मिळाला. तिनं निकालाचं पान उघडलं. तिच्या फोननं त्या मागणीवर आपला पत्ता आणि ५१५१४ असा एक पोर्ट क्रमांक लिहिला. लॅपटॉपनं ती मागणी हातात घेतली, तिचा पत्ता खोडून स्वतःचा घातला, पोर्ट ६०००१ केला आणि आपल्या तक्त्यात नोंद केली: ६०००१ म्हणजे २३ क्रमांकाच्या फोनचा ५१५१४. उत्तर ६०००१ वर परत आलं की तक्ता बघून ते तिच्याच फोनकडे जातं, भावाच्या फोनकडे नाही. पोर्ट क्रमांक ६५ हजारांहून जास्त आहेत, त्यामुळे घरासाठी ते पुरून उरतात.

ही अदलाबदल एकदाच होत नाही. लॅपटॉपनंतर फोनही तसंच करतो, आणि त्यापुढे बहुतेक मोबाइल कंपन्याही. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात सुमारे ४३० कोटीच आहेत आणि फोन त्याहून जास्त. म्हणून हजारो गिऱ्हाइकं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवावी लागतात. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखीव असल्याचं मानक १९९६ चं आहे, आणि कंपन्यांच्या आतल्या वापरासाठीची १००.६४ पासूनची मालिका २०१२ मध्ये ठरली.

या व्यवस्थेत आतून बाहेर जाणं सोपं, पण बाहेरून आत येणं अवघड. कारण तक्त्यातली नोंद आतल्यानं मागणी केल्यावरच होते. सिमवर चालणारा शेतातला कॅमेरा म्हणूनच सहसा थेट उघडता येत नाही. तो आधी कंपनीच्या सर्व्हरशी स्वतःहून जोडला जातो आणि आपला फोन तिथून चित्र घेतो.

सिग्नल मोजून जागा ठरवा

फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नये. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' आणि 'सिम स्टेटस' इथे सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. आकडा उणे असतो. उणे ८० चांगला, उणे ११० कमजोर. हा फरक तीसचा दिसतो, पण हे मोजमाप दहाच्या पटीत चालतं. दर दहा डीबीएमला ताकद दहापट बदलते. म्हणजे उणे ११० वर फोनला उणे ८० च्या तुलनेत ताकदीचा हजारावा भागच मिळतो. दोन्ही टोकांना फोनवर बोलणं होऊ शकतं, पण इंटरनेटच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

टिनाचा पत्रा रेडिओ लहरी परतवून लावतो. कवेलू आणि मातीची भिंत त्यांना बऱ्यापैकी आत येऊ देतात, पण भिंत पावसानं भिजली की जास्त शोषून घेते. ८५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर. ती अडथळ्यांना वळसा घालून घरात पोचते. २३०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे १३ सेंटीमीटरची. ती भिंतीपाशी लवकर दमते, पण त्या पट्ट्यात रुंदी जास्त मिळत असल्यानं वेगही जास्त मिळतो. घराच्या मध्यभागी ठेवलेला फोन कमी वेगाच्या पट्ट्यावर अडकून राहतो आणि खिडकीत ठेवलेला तोच फोन वेगवान पट्टा पकडतो, असं यामुळे घडतं. गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून आहे. सीमेजवळच्या गावांत फोन पलीकडचा टॉवरही पकडू शकतो. त्यामुळे दोन-तीन जागी उभं राहून आकडे टिपावेत आणि मगच जागा ठरवावी.

इथेच केबल आणि लॅपटॉपची जोडी कामी येते. फोन जाईल सिग्नलच्या खिडकीपाशी, लॅपटॉप बसेल घराच्या मध्यावर. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपर्यंत चालते. टॉवरसाठी उत्तम जागा आणि घरच्यांसाठी उत्तम जागा या दोन वेगळ्या जागा असतात, आणि फोन एकटा दोन्हीकडे बसू शकत नाही.

डेटा कुठे गळतो

दिवसाला दीड जीबीचा प्लॅन दुपारीच संपला, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. त्याचं कारण बहुधा या साखळीतच असतं. यूएसबीनं आलेलं इंटरनेट लॅपटॉपला तारेवरच्या ब्रॉडबँडसारखं दिसतं, म्हणून तो विंडोजचे शेकडो एमबींचे अपडेट बिनधास्त उतरवू लागतो. जोडलेले फोनही तसेच फसतात. त्यांना दिसतं वाय-फाय, आणि वाय-फाय म्हटलं की ते फोटोंचा बॅकअप सुरू करतात. हे सारं एका सिमच्याच डेटावर चालतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ते आपण सांगायचं. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' करावं आणि प्रत्येक फोनमध्येही त्या वाय-फायपुरतं तसंच ठरवावं. बऱ्याच प्लॅनमध्ये दिवसाचा डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगानं एक एमबीचा फोटो यायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. अभ्यासाचा व्हिडिओ तर विसरायचाच.

कुलूप पक्कं हवं

वाय-फायच्या लहरी कुंपणाशी थांबत नाहीत, म्हणून डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ सुरक्षा आणि चांगला पासवर्ड अत्यावश्यक. आपला मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून ठेवायची सवय फार जणांना आहे. सहा, सात, आठ किंवा नऊनं सुरू होणाऱ्या दहा आकडी क्रमांकांच्या एकूण शक्यता ४०० कोटी. डब्ल्यूपीए २ वर जोडणी होतानाचा संवाद हवेतून टिपून ठेवला, तर ताकदवान ग्राफिक्स कार्ड त्यावर सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड ताडून पाहू शकतं. म्हणजे सगळे क्रमांक तपासायला तासाभराहून थोडाच जास्त वेळ पुरतो. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहावेत. ते लक्षात राहतात आणि यंत्राला पुरून उरतात. आपल्या सिमवरून कुणी काही गैर केलं, तर चौकशी आधी सिम ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच येते.

लॅपटॉपवरून इंटरनेट वाटल्यानं ते वाढत नाही. टॉवरकडून जेवढं येतं, तेवढंच सगळ्यांत विभागलं जातं. पण आलेल्यातलं किती वाया जातं, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. फोन चुकीच्या जागी असेल, तीच माहिती हवेतून दोनदा जात असेल, अपडेट मुकाट्यानं उतरत असतील, तर मोठा प्लॅन घेऊनही हाती काही लागत नाही. हे सारं आठवी-नववीच्या मुलांना समजेल एवढं सोपं आहे. लहरींची लांबी, वारंवारिता आणि परावर्तन त्यांना विज्ञानाच्या पुस्तकात भेटतंच. शाळेनं एक तास देऊन त्यांच्याकडून आपापल्या घरातले डीबीएमचे आकडे टिपून घ्यावेत, घराचा नकाशा काढून घ्यावा आणि फोन कुठे, लॅपटॉप कुठे हे त्यांनाच ठरवायला लावावं. भौतिकशास्त्राचा एवढा स्वस्त आणि एवढा उपयोगी प्रयोग दुसरा सापडणार नाही, आणि त्याचा फायदा त्याच संध्याकाळी सगळ्या घराला मिळेल.