दुर्मीळ पक्षी दिसला, तर सांगायचं कुणाला आणि किती?

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क म्हटलं की डोळ्यांपुढे येतात गोदामं, कारखाने आणि ट्रकच्या रांगा. आपल्यापैकी अनेकांची नोकरी तिथे, काहींचं घरही तिथेच. पण सकाळी ग्रीन कम्युनिटीच्या तळ्याकाठी एक फेरी मारा. हिरवळीवर टिटवी आरडाओरडा करत असते, हुदहुद चोचीने माती उकरत असतो (या पक्ष्याचं नाव अरबीतही हुदहुदच, बरं का!), आणि तारेवर नीलपंख बसलेला असतो. थोडक्यात काय, गावाकडची बरीच मंडळी इथे आधीच येऊन राहिलेली आहेत.

आणि म्हणूनच एक गंमत होते. गावी जो पक्षी रोजचा, तो इथे दुर्मीळ असू शकतो, हे आपल्या लक्षातच येत नाही. कोतवालाचंच घ्या. आपल्याकडे प्रत्येक म्हशीच्या पाठीवर दिसणारा हा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी अमिरातीत क्वचितच येतो. मराठी माणूस त्याला पाहतो, "अरे, कोतवाल!" म्हणतो आणि पुढे चालू लागतो. युरोपातून आलेला पक्षीनिरीक्षक मात्र त्याच्यासाठी शंभर किलोमीटर गाडी हाणत येईल. उलट बाजूने, इथल्या कावळ्या-साळुंक्यांचं कुणाला कौतुक नाही. ते माणसाच्या मागोमाग किंवा पिंजऱ्यातून आलेले पाहुणे आणि आता डोईजड झालेले.

पिंजऱ्याचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं. इथे हौसेने पाळलेले पक्षी पुष्कळ, आणि त्यातले काही सुटतातही. त्यामुळे एखादा अनोळखी पक्षी दिसला तर तो उडत आला की कुणाच्या गॅलरीतून निसटला, हा पहिला प्रश्न. असे दावे तपासण्यासाठी एमिरेट्स बर्ड रेकॉर्ड्स कमिटी आहे. वर्णन, छायाचित्र, दिवस, वेळ, जागा हे सगळं पाहून ती दुर्मीळ नोंद स्वीकारते किंवा नाकारते. नोंद नाकारली तर राग मानू नये. "तुम्ही खोटं बोलता" असा त्याचा अर्थ नसतो, पुरावा पुरेसा नाही एवढाच असतो.

हा काटेकोरपणा कशासाठी, हे समजून घ्यायला आपल्याच खानदेशातलं उदाहरण पुरेसं आहे. रानपिंगळा हे एक छोटं घुबड. १८७३ मध्ये शास्त्राला त्याची ओळख झाली, १८८४ मध्ये खानदेशात त्याचा शेवटचा नमुना मिळाला आणि मग पक्षी गायबच झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात मात्र १९१४ साली गुजरातेत मिळवलेला म्हणून एक नमुना होता. नंतरच्या शोधकांनी साहजिकच गुजरात पालथा घातला. हाती काही लागलं नाही. पुढे पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा कळलं की साहेबांनी संग्रहालयातलाच जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती! रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोटी नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या जागांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत सापडला. तब्बल ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटात आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो दिसला. एका खोट्या चिठ्ठीने किती वर्षं वाया गेली पाहा.

ही झाली खरं सांगण्याची बाजू. किती सांगायचं, हा प्रश्न अधिक अवघड आहे. दुर्मीळ पक्ष्याची जागा कळली की माणसं धावतात. कुणी मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावतं, कुणी फोटोसाठी फांद्या बाजूला करतं. पक्षी घरट्यावर असेल तर तो उठतो आणि उघडी पडलेली अंडी इथल्या उन्हात बघता बघता भाजून निघतात. कावळे टपलेले असतातच. म्हणून आमच्यात एक साधा रिवाज आहे: तळ्यावर, बागेत उतरलेला वाटसरू पक्षी सगळ्यांना लगेच सांगायचा, कारण तो उद्या नसेल. घरट्याची जागा मात्र कुणालाच नाही, अगदी जवळच्या मित्रालाही नाही. घुबडं आणि शिकारी पक्षी रोज एकाच ठिकाणी विसावत असतील तर त्यांनाही हाच नियम. २००२ मध्ये सुरू झालेल्या ई-बर्डवरही काही संवेदनशील जातींची नेमकी जागा झाकली जाते.

रास अल खोरची गोष्ट वेगळी. २००७ मध्ये रामसर यादीत आलेल्या त्या पाणथळीला कुंपण आहे, पक्षी पाहायला बांधलेले आडोसे आहेत. तिथले रोहित पक्षी हजारोंनी पाहिले तरी त्यांना काही त्रास नाही. गावभर सांगा, मुलांनाही घेऊन जा!

डीआयपीत फिरताना एक व्यवहाराची गोष्ट. जवळच अल मक्तूम विमानतळ आहे, कारखान्यांभोवती सुरक्षारक्षक आहेत आणि कामगार बांधवांची निवासस्थानं आहेत. लांब भिंगाचा कॅमेरा तिकडे रोखू नका. या देशात परवानगीशिवाय फोटो काढणं महागात पडतं. दुर्बीण आणि छोटी वही पुरे.

वहीत लिहायचं ते तिथल्या तिथे. पक्षी केवढा, साळुंकीपेक्षा मोठा की लहान, चोच कशी, पायांचा रंग, काय करत होता, ऊन कुठल्या बाजूने होतं. पुस्तकात पाहण्याआधी लिहायचं, कारण पुस्तक पाहिलं की डोळ्यांना न दिसलेले पट्टेही आठवू लागतात. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत वाटसरू आणि हिवाळी पाहुणे हिरवळीवरच्या फवाऱ्यांजवळही उतरतात. आणि हो, तारेवर कोतवाल दिसला तर या वेळी फोन नक्की करा.