निवासी डॉक्टर आणि प्रशासकाची लेखणी

आमच्या हिमायतनगरात ‘रेसिडेन्सी’ म्हटले की जुन्या मंडळींना कोठीवरील ब्रिटिश रेसिडेंटचा भव्य वाडा आठवतो. त्याच कोठी भागात उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय आहे. १८४६ साली निघालेल्या हैदराबाद मेडिकल स्कूलचा वारसा ते चालवीत आहे. आज घरची मुले ‘रेसिडेन्सी करतो’ म्हणतात ती मात्र निराळी. एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षे रुग्णालयात राबून एम.डी. किंवा एम.एस. व्हायचे, असा तिचा अर्थ.

ह्या शिक्षणातील गुरुजनांची नावे सर्वतोमुखी असतात. परंतु पाळ्यांचा तक्ता कोण मंजूर करतो? विद्यावेतन वेळेवर कोण काढतो? विश्रांतीच्या खोलीस आतून कडी आहे की नाही, हे कोण पाहतो? ही जबाबदारी अधिष्ठाता, वैद्यकीय अधीक्षक आणि त्यांच्या कार्यालयाची. निवासी डॉक्टर एकाच वेळी विद्यार्थीही असतो आणि सेवकही. वॉर्डाला त्याचे हात हवे असतात, परीक्षेला त्याची विद्या. हा तोल सांभाळणे हेच प्रशासकाचे खरे काम होय.

नियम नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या आदेशात सलग बारा तासांहून अधिक काम नको, आठवड्यास सामान्यतः ४८ तास असावेत, असे म्हटले होते. मात्र हे तास लवचीक राहतील व वैद्यकीय अधीक्षक ते ठरवतील, अशी पुस्तीही जोडली होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत आठवड्याची एक सुट्टी आहे; कामाचे तास मात्र ‘वाजवी’ असावेत, एवढेच म्हटले आहे. वाजवी म्हणजे किती, हे शेवटी तक्ता आखणाऱ्याच्या लेखणीवर येऊन ठरते.

ह्या लेखणीचे मोल जगाने दुःखातून जाणले आहे. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली. तिची देखभाल दीर्घ पाळीवरील शिकाऊ डॉक्टरांकडे होती. तिच्या वडिलांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९८९ मध्ये त्या राज्यात आठवड्यास ८० तासांची मर्यादा आली. आपल्याकडे ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर.जी. कर रुग्णालयात, रात्रपाळीत विसाव्यासाठी सभाकक्षात गेलेल्या एका शिकाऊ डॉक्टर तरुणीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. सुरक्षित विश्रांतिगृह ही चैन नव्हे, हे त्यानंतर तरी कोणास सांगावे लागू नये.

आम्ही शाळेचे वेळापत्रक आखणारी माणसे. मधली सुट्टी गाळली तर वर्गात मुले पेंगतात, एवढेच. रुग्णालयात तीच चूक पहाटे तीन वाजता औषधाच्या मात्रेत उतरू शकते.

म्हणून पालकांस आमचे सांगणे आहे की, मुलामुलींसाठी महाविद्यालय निवडताना केवळ त्याच्या नावलौकिकावर जाऊ नये. तेथे आज शिकत असलेल्या निवासी डॉक्टरांस गाठून पाळी, साप्ताहिक सुट्टी आणि वसतिगृह ह्यांविषयी अवश्य विचारावे. तेथील प्रशासन कसे आहे, हे त्यांच्या उत्तरांतून कळेल.