राखणीची बंदूक आणि बागेपर्यंतचा रस्ता

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बंदूक राहते घरात आणि तिचे काम असते घरापासून लांब. मालवण तालुक्यात घर खाडीकाठच्या वाडीत, भाताचे कुणगे मळ्यात आणि आंबा-काजूची कलमे सड्यावर, अशी विभागणी सर्रास असते. मसुरे, पोईप, पेंडूर या बाजूला राखणीला निघणारा माणूस पूर्वी बंदूक खांद्याला लावून पायवाटेने जाई. आता तो दुचाकीने किंवा पिकअपने जातो. त्यामुळे नेम किती लांब लागतो याच्या आधी बंदूक गाडीतून कशी जाईल, हे पाहावे लागते.

बोलण्यात कुठल्याही लांब नळीच्या हत्याराला रायफल म्हटले जाते, पण कायदा तसे म्हणत नाही. रायफलीच्या नळीत आतून पीळ पाडलेले असतात, त्यामुळे गोळी गिरकी घेत सरळ आणि दूर जाते. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या राखणीसाठी पहिले नाव येते ते ठासणीच्या बंदुकीचे. तिने भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान वीस इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे व्यवहारात काडतुसाची, देता येते. रायफलीची गरज वेगळी दाखवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे.

ठासणीची बंदूक कोकणात अजून दिसते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचे आणि शेवटी मागच्या बोंडीवर केप बसवायची. बागेत बसून राहणाऱ्याला एवढे पुरते. गाडीसाठी मात्र हीच बंदूक सर्वांत वाईट. एकदा ठासली की ती बार काढूनच रिकामी होते, नाहीतर गजाला पेच लावून आतला माल उकरावा लागतो. केप काढून घेतली की बंदूक रिकामी झाली, हा समज अनेक घरांत आहे आणि तो धोक्याचा आहे. दारू आणि छर्रे आतच असतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला भरलेली नळी व रिकामी नळी सारखीच दिसते. शिवाय ती लांबलचक असते आणि तिचे तुकडे होत नाहीत. खड्ड्याखड्ड्यांतून उसळणाऱ्या पिकअपच्या हौद्यात अशी भरलेली बंदूक ठेवणे हा शुद्ध अविचार होय. ती न्यायचीच तर कोरडी न्यावी, दारू व केपा वेगळ्या डब्यांत, आणि बागेतल्या मांगरात पोचल्यावरच ठासावी.

बारा बोअरची काडतुसाची बंदूक या बाबतीत सोयीची. (एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर, हा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो.) खटका दाबला की नळी कमरेतून मोडते आणि तिच्या मागच्या तोंडातून पलीकडचा उजेड दिसतो. उजेड दिसला म्हणजे बंदूक रिकामी. अंधारात बोट घालूनही ते कळते. पुढची लाकडी मूठ काढली की नळी आणि दस्ता वेगळे होतात, आणि चार फुटांच्या आसपासची बंदूक अडीच-पावणेतीन फुटांच्या पेटीत मावते. एकनळी हलकी आणि स्वस्त. दुनळीत दुसरा बार हाताशी राहतो, पण राखणीच्या कामाला त्याची गरज क्वचितच पडते.

अमेरिकेत पिकअपच्या मागच्या काचेला रायफल अडकवण्याची रीत जुनी आहे. १८९४ साली बाजारात आलेली विंचेस्टरची दांड्याची रायफल खोगिराला लटकवण्यासाठी लोकप्रिय झाली आणि पुढे तशीच मोटारीत आली. तिथली मोकळी कुरणे आणि मालवणची वाडी यांत मात्र काही साम्य नाही. पॉइंट २२ ची बारीक गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. पॉइंट ३१५ ची त्याहून कितीतरी पुढे. इथे तेवढ्या अंतरात दोन वाड्या, एक शाळा आणि एसटीचा थांबा येतो. जांभ्या दगडाच्या गडग्यावर आपटून गोळी कुठे वळेल तेही सांगता येत नाही. बारीक छर्रे मात्र चाळीसेक मीटरनंतर विरळ होतात आणि दोन-तीनशे मीटरमध्ये त्यांचा जोर संपतो. माडांच्या आडून घरे डोकावणाऱ्या मुलखात ही कमतरताच गुण ठरते.

तसेही बंदुकीचे मुख्य काम आवाजाचे. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन शिकारीचे परवाने बंद झाले. पिकात शिरलेला रानडुक्कर मारायलाही वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते, आणि गवा तर पहिल्या अनुसूचीतला. बेकायदा शिकारीत वापरलेली गाडीही जप्त होते.

गाडीतून नेतानाचे नियम २०१६ च्या शस्त्र नियमांत आहेत. सार्वजनिक जागी बंदूक पूर्ण झाकलेली आणि धारकाच्या ताब्यात असली पाहिजे. दुचाकीवर पाठीला उघडी लटकवलेली बंदूक या नियमात बसत नाही, आणि बाजारात उभ्या केलेल्या गाडीत ठेवलेली बंदूक कुणाच्याच ताब्यात नसते. दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची तर मालक सोबत हवा किंवा त्याचे लेखी पत्र हवे. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. परवान्यावरच्या क्षेत्रात गोवा नसेल तर पेटी अलीकडेच राहिली पाहिजे. फोंडा घाटाने कोल्हापूरला जाताना दाजीपूरकडे राधानगरी अभयारण्य येते, आणि अभयारण्यात पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. मालवणकरांना तर त्यासाठी घाट चढायलाही नको: सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

खाऱ्या हवेचा त्रास कायद्याइतकाच. हवेतले खारे तुषार आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस मिळून लोखंडाला आठवड्यात तांबूस करतात. काळ्या दारूची काजळी ओल ओढून घेते, म्हणून ठासणीची नळी बार काढल्याच्या दिवशीच गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावी लागते. चामड्याची किंवा लोकरी अस्तराची पिशवी दिसायला छान, पण ती ओल धरते. प्रवासापुरती वापरावी आणि घरी येताच बंदूक बाहेर काढावी. काडतुसे डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवण्याची सवय वाईट, कारण मे महिन्यात बंद गाडी आतून तापून निघते. जुनी कागदी काडतुसे पावसात फुगून नळीत अडकत. प्लॅस्टिकच्या काडतुसांनी ती डोकेदुखी बरीच कमी केली.

बंदुकीचा आणखी एक प्रवास दरवर्षी ठरलेला नसतो, पण येतो: निवडणुकीतला. आचारसंहिता लागली की परवान्यावरची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात. सरसकट जमा करू नयेत, छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहून ठरवावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले. ज्यांना नोटीस येते त्यांची अडचण मात्र उरतेच. २०२४ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचे मतदान ७ मे रोजी झाले, म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात, जेव्हा माकडे कलमांवर असतात. मोजणी झाली ४ जूनला. जमा करण्याआधी नळीला आतून-बाहेरून तेलाचा जाड हात देणे आणि पावती परवान्यासोबत ठेवणे बरे. बंदूक परत हातात येते तेव्हा पाऊस दारात असतो.