कागद रुग्णाचा, यंत्र कुणाचे?

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत येणाऱ्या माणसाच्या हातात दोन वस्तू हमखास असतात. एक केस पेपर आणि दुसरी प्लॅस्टिकची पिशवी. त्या पिशवीत जुने एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे असतात. त्याच्या आजारपणाचा सारा इतिहास म्हणजे ती पिशवी. ती एसटीत विसरली किंवा पावसात भिजली, की इतिहासही गेला. मग पुन्हा रक्त काढा, पुन्हा एक्स-रे काढा आणि त्यासाठी पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवा!

सुखवस्तू माणसाला याची झळ फारशी लागत नाही. त्याला घरचा डॉक्टर असतो, डॉक्टरांच्या भाषेत चार प्रश्न विचारता येतात. ऊसतोडीवरून आलेली बाई किंवा नाक्यावर उभा राहणारा बिगारी 'काय होतंय?' या प्रश्नाचे उत्तर जुळवत असतानाच पुढचा नंबर पुकारला जातो. ज्याच्या तोंडच्या शब्दाला वजन नाही, त्याला लेखी नोंदीचा आधार लागतो. म्हणूनच रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणण्याच्या प्रश्नाकडे आम्ही श्रीमंतांचे चोचले म्हणून पाहत नाही. हा गोरगरिबांच्या हक्काचा प्रश्न आहे.

इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद म्हणजे केस पेपर टाइप करून ठेवणे नव्हे. रुग्णाला एकटा डॉक्टर बरा करीत नाही. परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, औषध देणारा फार्मासिस्ट, भौतिकोपचार करणारा अशी सगळी फळी त्यामागे असते, आणि दिवसात तीन पाळ्या बदलतात. सकाळच्या पाळीतील परिचारिकेला कळलेली गोष्ट रात्रीच्या डॉक्टरला कळली नाही, तर किंमत रुग्ण मोजतो. एखाद्याला पेनिसिलीनची अॅलर्जी आहे, ही नोंद एकदाच व्हावी आणि ती प्रत्येकाच्या समोर, योग्य वेळी यावी, एवढे साधे काम या यंत्राने करायचे आहे. एकच नोंद सर्वांसमोर असली, की 'मला कुणी सांगितले नाही' असे म्हणायला कुणालाही जागा राहत नाही.

हे केवळ स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचे मोठे जाळे आहे. तेथे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काही डॉक्टर आणि प्रोग्रॅमर यांनी रुग्णालयातच बसून, वरिष्ठ कार्यालयाचा विरोध पत्करून संगणक प्रणाली उभी केली. पुढे ती 'व्हिस्टा' या नावाने ओळखली गेली. २००५ साली कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, तेव्हा असंख्य लोकांचे कागद पाण्यात गेले. पण या रुग्णालयाच्या रुग्णांच्या नोंदी ह्यूस्टनमध्ये पुन्हा उपलब्ध झाल्या आणि विस्थापित होऊन दुसऱ्या शहरात गेलेल्या माणसाला कोणते औषध चालू आहे, हे तेथील डॉक्टरला पाहता आले.

याच रुग्णालयांतील आणखी एक गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. कॅन्सास राज्यातील टोपेका येथे स्यू किनिक नावाची परिचारिका होती. १९९२ मध्ये भाड्याची मोटार परत करताना कर्मचारी हातातील यंत्राने मोटारीवरचा बारकोड टिपतो, हे तिने पाहिले. मोटारीचा हिशेब असा ठेवता येतो, तर रुग्णाच्या औषधाचा का नाही, असा प्रश्न तिने विचारला. रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि औषधाचे पाकीट दोन्ही स्कॅन करायचे, जुळले नाही तर यंत्र इशारा देईल, ही कल्पना टोपेकाच्या रुग्णालयात राबवली गेली आणि नंतर देशभरातील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत गेली. बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा पद्धतीने औषध देण्यातील चुकांचे प्रमाण (वेळेच्या चुका वगळून) ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्याचे दिसले.

ही कल्पना कुणा अधिष्ठात्याला किंवा सल्लागार कंपनीला सुचली नाही, ती खाटेजवळ उभ्या असणाऱ्या बाईला सुचली. रुग्णालयाच्या उतरंडीत जो खाली आहे, त्याला रुग्ण सर्वांत जवळून दिसतो. संघभावना म्हणजे सगळ्यांनी साहेबाचे ऐकणे नव्हे. खालच्याचे म्हणणे वरच्याने ऐकणे हीच खरी संघभावना होय!

हे विसरले की काय होते, याचा धडाही त्याच व्यवस्थेने दिला. जुनी प्रणाली बदलून बाहेरच्या कंपनीकडून नवी महागडी प्रणाली घेतली गेली. २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेनच्या रुग्णालयात ती प्रथम सुरू झाली. डॉक्टरांनी दिलेले हजारो आदेश, म्हणजे तपासण्या आणि तज्ज्ञांकडे पाठवण्याच्या सूचना, योग्य विभागात न पोहोचता कुणालाच ठाऊक नसलेल्या एका रांगेत जाऊन पडले. त्यातून रुग्णांना इजा झाल्याचे सरकारी तपासणी यंत्रणेने २०२२ मध्ये उघड केले. २०२३ मध्ये पुढील विस्तार थांबवावा लागला. यंत्र वापरणाऱ्याला न विचारता यंत्र आणले, की ते असे अंगावर येते.

यंत्र जात, वर्ण, वर्ग पाहत नाही असे भाबडेपणाने मानणाऱ्यांनी आणखी एक उदाहरण ध्यानात घ्यावे. अमेरिकेत जास्त काळजीची गरज असलेले रुग्ण निवडणाऱ्या एका संगणकीय सूत्राची तपासणी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ते सूत्र आजार मोजत नव्हते, आजपर्यंत उपचारांवर झालेला खर्च मोजत होते. काळ्या लोकांवर मुळातच कमी खर्च झाला होता. म्हणून यंत्राला ते कमी आजारी वाटले. हा दोष दूर केला, तर जादा मदत मिळणाऱ्यांतील काळ्या रुग्णांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवून दिले. सूत्रात वंशाचा रकानाच नव्हता, तरीही भेदभाव झाला! ज्यांच्यावर समाजाने कधी खर्चच केला नाही, त्यांना यंत्रही मागेच ठेवते. आपल्याकडे कुणाला मागे ठेवले गेले आहे, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपल्या देशात १५ ऑगस्ट २०२० रोजी डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावाने देशभर लागू झाले. त्यात १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. क्रमांक घेणे ऐच्छिक आहे आणि रुग्णाच्या संमतीशिवाय नोंदी दुसऱ्याला देता येणार नाहीत, असे हे धोरण सांगते. कागदावर हे उत्तम आहे. पण ज्याला वाचता येत नाही, त्याच्या अंगठ्याला संमती म्हणायचे काय? ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याने खिडकीसमोर ताटकळायचे काय? आणि ज्या बाईचा गर्भपात झाला, ज्या माणसाला एचआयव्ही आहे, त्याची नोंद गावात फुटली तर त्याला जगू कोण देणार?

ही भीती पोकळ नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले आणि सुमारे दोन आठवडे देशातील एका नामवंत रुग्णालयाला बरेचसे काम हाताने करावे लागले. एम्सची ही गत, तर तालुक्याच्या रुग्णालयाचे काय?

म्हणून यंत्राला विरोध करण्याऐवजी त्यावर आपला हक्क सांगणे हाच मार्ग आहे. एक कायदेशीर हत्यार आजही हातात आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास डॉक्टरने ७२ तासांच्या आत उपचारांची कागदपत्रे द्यावी लागतात. किती जणांनी ती आजवर लेखी मागितली? आपल्या वस्त्यांतील मंडळांनी, शिकलेल्या मुलामुलींनी असे अर्ज लिहून देण्याचे काम हाती घ्यावे.

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रणाली ठरवताना परिचारिका आणि खालचे कर्मचारी यांना समितीत बसवा. संमतीचा मजकूर मराठीत, वाचून आणि समजावून सांगा. फोन नाही म्हणून कुणालाही रांगेतून काढू नका. यंत्र बंद पडले तर कागदाची पर्यायी सोय तयार ठेवा. आणि कोणाची नोंद कोणी, केव्हा उघडून पाहिली, हे जाणण्याचा अधिकार रुग्णाला द्या. देह त्याचा आहे, आजार त्याने सोसला आहे. त्या आजाराची नोंदही त्याच्याच मालकीची असली पाहिजे. आणि हक्क मागितल्याशिवाय मिळत नसतात.