हेडफोनला हवा तोलामोलाचा जोडीदार

हौसेने पंचवीस-तीस हजार रुपयांचा हेडफोन घ्यावा, तो लॅपटॉपला किंवा मोबाइलला जोडावा आणि आवाज मात्र बेताचाच यावा, हा अनुभव अनेक संगीतप्रेमींच्या वाट्याला येतो. मग कुणीतरी 'चांगला अ‍ॅम्प्लिफायर घ्या' असा सल्ला देतो आणि ग्राहक तितक्याच किमतीचा, जमल्यास अधिक वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घरी आणतो. पैसे वाया जाण्याचा धोका खरे तर या दुसऱ्या खरेदीतच अधिक असतो. हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची जोडी किमतीवर जुळत नाही. ती जुळते माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावरील, सहसा न वाचल्या जाणाऱ्या तीन आकड्यांवर.

पहिले दोन आकडे हेडफोनचे असतात. इम्पिडन्स म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा अवरोध. तो ओहममध्ये मोजतात. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठराविक विद्युतशक्ती दिली असता हेडफोन किती मोठा आवाज काढतो, याचे माप. 'ओहम जास्त, म्हणजे हेडफोन चालवायला अवघड' ही समजूत सर्रास आढळते, पण ती अर्धसत्य आहे. बेयरडायनॅमिक या जर्मन कंपनीचा डीटी ८८० हा हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत निघाला. तिन्हींची सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटला ९६ डेसिबल अशी सांगितली जाते. संगीतातील क्षणिक उच्चांकांसाठी ११० डेसिबलपर्यंतची क्षमता हाताशी असावी असे धरले, तर तिन्हींना सारखीच, म्हणजे सुमारे २५ मिलिवॅट शक्ती लागते. मात्र ३२ ओहमच्या प्रकाराला त्यासाठी ०.९ व्होल्ट पुरतात, तर ६०० ओहमच्या प्रकाराला जवळपास ३.९ व्होल्ट लागतात. मोबाइलला जोडायचे छोटे अ‍ॅडाप्टर साधारण १ व्होल्टच्या आसपास थांबते. म्हणजे येथे तुटवडा पडतो तो शक्तीचा नव्हे, व्होल्टेजचा.

याच्या नेमके उलट उदाहरण हायफायमॅनच्या एचई-६ या हेडफोनचे. २०१० च्या सुमारास आलेल्या या प्लेनर मॅग्नेटिक हेडफोनचा इम्पिडन्स अवघा ५० ओहम. आकडा पाहून तो सोपा वाटावा. पण त्याची सेन्सिटिव्हिटी ८३.५ डेसिबल इतकी कमी की ११० डेसिबल गाठायला त्याला जवळपास ४५० मिलिवॅट शक्ती, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर प्रवाह द्यावा लागतो. ६०० ओहमच्या डीटी ८८० ला याच कामासाठी साडेसहा मिलिअँपिअर पुरतात. व्होल्टेजमध्ये फारसे अंतर नाही, प्रवाह मात्र जवळजवळ पंधरापट! म्हणूनच अनेक हौशी श्रोते एचई-६ थेट स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडत. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर ६०० ओहमच्या हेडफोनला सुरेख साथ देतो, पण एचई-६ पुढे त्याचा दम उखडतो. त्यात उणीव काहीच नसते. तो मुळात व्होल्टेज देण्यासाठी घडवलेला असतो, भरपूर प्रवाह देण्यासाठी नव्हे.

आकडे वाचताना आणखी एक सापळा असतो. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटला सांगतात, काही एका व्होल्टला. सेनहायझरच्या एचडी ६५० चा आकडा १०३ डेसिबल दिसतो, पण तो एका व्होल्टचा आहे. ३०० ओहमच्या या हेडफोनचा मिलिवॅटमागचा हिशेब केला की तो ९८ च्या घरात येतो. दोन हेडफोनची तुलना करण्यापूर्वी ही मापे एका परिमाणात आणावीच लागतात. जाहिरात हे काम ग्राहकासाठी कधीच करीत नाही.

तिसरा आकडा अ‍ॅम्प्लिफायरचा असून तो सर्वाधिक दुर्लक्षित आहे: त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स. हेडफोनचा इम्पिडन्स प्रत्येक स्वराला सारखा नसतो. एचडी ६०० चा छापील आकडा ३०० ओहम असला, तरी खर्जाच्या एका पट्ट्यात तो ५०० च्याही वर चढतो. अ‍ॅम्प्लिफायरचा इम्पिडन्स १ ओहम असेल, तर या चढउताराचा परिणाम जाणवत नाही. तो १२० ओहम असेल, तर तेवढ्या पट्ट्यात आवाज सुमारे १ डेसिबलने फुगतो आणि पडद्याच्या हालचालीवरील लगामही सैल होतो. तबल्यातील डग्ग्याचा घुमारा आटोपशीर न राहता किंचित पसरतो. काहींना हा ऊबदारपणा आवडतो. तो त्यांच्या रुचीचा प्रश्न. पण त्याला अ‍ॅम्प्लिफायरचा 'दर्जा' म्हणणे योग्य नाही. विशेष म्हणजे १९९६ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकात १२० ओहमचीच शिफारस होती. हल्ली मात्र हा आकडा हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम पाळतात. कानात बसणाऱ्या, एकाहून अधिक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनच्या बाबतीत तो कसोशीने पाळावा. तेथे दहा ओहमही स्वरांचा तोल बिघडवू शकतात. प्लेनर हेडफोनचा इम्पिडन्स जवळजवळ सपाट असल्याने त्यांना ही बाधा होत नाही.

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनची जात निराळीच. जपानच्या स्टॅक्स कंपनीच्या हेडफोनच्या पडद्याला ५८० व्होल्टचा स्थिर दाब लागतो, त्यामुळे ते नेहमीच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडताच येत नाहीत. सेनहायझरने १९९१ मध्ये 'ऑर्फियस' काढला, तेव्हा हेडफोन आणि त्याचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर असा संचच विक्रीला ठेवला होता.

गरजेपुरती क्षमता मिळाल्यावर पुढच्या वॅटचा उपयोग किती? शक्ती दुप्पट केली, तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. दुकानात दोन अ‍ॅम्प्लिफायर ऐकताना आवाजाची पातळी समान केली नाही, तर किंचित मोठा वाजणारा 'अधिक स्पष्ट' भासतो आणि त्याचेच बिल फाडले जाते. शिवाय धोका कानांनाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते, ९० डेसिबलवर मात्र केवळ ४ तास. संवेदनशील इअरफोन ताकदवान अ‍ॅम्प्लिफायरला लावायचा असेल, तर गेनचे बटण खालच्या पायरीवर आणि आवाजाची कळ शून्यावर आणूनच पिन खोचावी. गेन चढा राहिला, तर शांत आलापामागे सूक्ष्म खरखरही ऐकू येते.

अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावरील वॅट कोणत्या ओहमवर मोजले, हे विक्रेत्याला जरूर विचारावे. ३२ ओहमवर २ वॅट देणारे यंत्र तेवढ्याच व्होल्टेजवर ३०० ओहमच्या हेडफोनला साधारण २१३ मिलिवॅटच देते. आकडा एकदम आक्रसलेला वाटतो खरा, पण एचडी ६५० ला ११० डेसिबलसाठी लागतात सुमारे १७ मिलिवॅट.