सीडी ते संगणक : एकच ट्रॅक, भलतंच नाव

फाइलच्या नावातल्या कोलनचा आणि प्रश्नचिन्हाचा बंदोबस्त या आठवड्यात करायचा होता. तो पुढे ढकलतोय, कारण सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न माझ्या फार आवडीचा निघाला. त्यांनी मारुबिहागची सीडी रिप करायला, म्हणजे संगणकावर उतरवायला घातली आणि पडद्यावर नाव उमटलं एका ऑर्गनवादकाचं. सीडी नकली असेल का, असं ते विचारतात.

सीडी अस्सल आहे, गोची ओळखीच्या क्रमांकात आहे. सीडीवर सहसा नावं नसतात, म्हणून प्रोग्रॅम ट्रॅकच्या वेळांवरून एक क्रमांक बनवतो आणि त्यावर इंटरनेटवरून नावं मागवतो, इथवर आपण आलो होतो. सीडीडीबी या इंटरनेटवरच्या नोंदवहीने रुळवलेला आणि फ्रीडीबी या तशाच नोंदवहीने पुढे चालवलेला तो क्रमांक आठ अंकांचा, सोळाच्या पायाचा. शेवटचे दोन अंक म्हणजे ट्रॅक किती, मधले चार म्हणजे एकूण सेकंद. पहिल्या दोनांसाठी प्रत्येक ट्रॅक कितव्या सेकंदाला सुरू होतो ते घेऊन त्यातल्या अंकांची बेरीज करतात.

बारा गाण्यांच्या सीडीला एवढं सहसा पुरतं. पण आपल्या शास्त्रीय संगीताच्या सीडीवर कित्येकदा तासाभराचा एकच ट्रॅक असतो. तो बहुधा दुसऱ्या सेकंदाला सुरू होतो, म्हणजे बेरीज दोन, ट्रॅक एक. वेगळेपणा उरतो तो फक्त लांबीत. बरोबर ३६०० सेकंदांची अशी कुठलीही सीडी घाला, क्रमांक येणार ०२०ई१००१. मग त्यात मारुबिहाग असो, ऑर्गन असो की समुद्राच्या लाटा. विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक असले तरी फार फरक पडत नाही. दुसऱ्या ट्रॅकच्या सुरुवातीच्या अंकांची बेरीज तिशीपलीकडे जातच नाही.

खरी मौज पुढे आहे. फ्रीडीबीत ठरलेले अकरा विभाग होते आणि एका विभागात एक क्रमांक एकदाच नोंदवता येई. ‘क्लासिकल’मधली जागा आधीच कुणी अडवली असेल तर नोंदवणारा ‘फोक’मध्ये जायचा, तिथेही गर्दी असली तर जिथे जागा मिळेल तिथे. ख्याल ‘रेगे’त किंवा ‘कंट्री’त सापडला तर कुणाच्या अज्ञानाला हसू नका, बिचाऱ्याला दुसरीकडे घर मिळालं नसेल.

फ्रीडीबी २०२० मध्ये बंद झाली, पण तीच पद्धत वापरणारे प्रोग्रॅम अजून चालू आहेत. म्युझिकब्रेन्झ ही दुसरी नोंदवही मात्र सेकंदावर थांबत नाही. सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग, म्हणजे सीडीची एक फ्रेम, हे तिचं माप. त्यामुळे असे योगायोग खूपच कमी होतात. सांगलीकरांनी प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये तिची निवड करावी. तिथे ती सीडी नसेलच, तर नाव हाताने टाइप करावं आणि जमल्यास तिथे नोंदवूनही टाकावं.

टाइप करताना एक पथ्य पाळा. ‘मारुबिहाग / विलंबित एकताल’ अशी तिरकी रेघ मध्ये घालू नका, साधी आडवी रेघ द्या. जुन्या नोंदींत कलाकार आणि शीर्षक वेगळं करायला तिरकी रेघच असायची, त्यामुळे काही प्रोग्रॅम मारुबिहागलाच गायक समजतात. शिवाय विंडोज ती फाइलच्या नावात घेतच नाही. तिची रवानगी कोलनच्याच रांगेत, पुढच्या आठवड्यात.