पन्नासचा आकडा खरा कधी ठरतो?

सनस्क्रीनच्या ट्यूबवर ‘एसपीएफ ५०’ छापलेलं असतं. हा आकडा ठरवताना माणसाच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या मापाने क्रीम लावून चाचणी घेतात. हा थर भरतो सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. पंधरा कोटी किलोमीटर तोडून आलेला अतिनील किरण एवढ्याशा थरात अडतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

अडतो म्हणजे काय? थरातला रेणू किरणाची ऊर्जा गिळतो आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत ती उष्णता म्हणून सोडून बहुतेक वेळा पुन्हा पूर्ववत होतो, पुढच्या किरणासाठी सज्ज! काही क्रीममधलं पांढरं झिंक ऑक्साइड किरण परतवून लावतं असा समज आहे, पण तेही बहुतांश अतिनील किरण शोषूनच घेतं. हाच किरण निसटून पेशीत शिरला, तर डीएनएच्या साखळीतले शेजारचे दोन थायमिन एकमेकांना जोडून टाकू शकतो. असे बरेच बिघाड पेशी स्वतः दुरुस्त करते. सगळे मात्र नाही.

आता खरी गंमत जाडीची. ‘५०’ म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांचा पन्नासावा भाग आत जातो. थर निम्मा केला की संरक्षणही निम्मं, २५, असं आपण धरतो. पण एकसारख्या थराचं गणित वर्गमुळाने चालतं: निम्म्या थरातून साधारण सातवा भाग आत येतो! त्वचा खडबडीत असल्याने प्रत्यक्षातला हिशेब मागेपुढे होतो, पण पन्नास काही उरत नाही. हाताची मागची बाजू उजेडात धरून बघा. बारीक रेघांचं जाळं दिसेल. थोडंसं क्रीम त्या रेघांत जाऊन बसतं आणि मधले उंचवटे जवळजवळ उघडेच राहतात.

मग लावायचं किती? चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढावी इतकं. अख्ख्या शरीराचं क्षेत्रफळ धरा १७,००० चौरस सेंटिमीटर. क्रीम लागेल ३४ ग्रॅम. बाहेर पडण्याच्या पंधरा मिनिटं आधी लावावं, आणि उन्हात असू तर दर दोन तासांनी, घाम पुसल्यावर किंवा पोहून आल्यावर पुन्हा. कान, मानेची मागची बाजू आणि पावलं हमखास राहून जातात.

आणि जास्त जपायचं कधी? अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. वर्षातून दोन दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा अतिनील किरण प्रखर असतात, हे ध्यानात ठेवायला सोपं आहे.

इतकं क्रीम रोज परवडणार नाही, हे खरंच. म्हणून पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, छत्री यांवर आधी भर द्या. जे उघडं राहील, त्यावर क्रीम लावताना मात्र हात आखडता घेऊ नका.